वाचकांचे प्रश्न : हवाई बेटांवरचे ज्वालामुखी

हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीच्या विवरात २३ डिसेंबर २०२४ पासून थांबून थांबून लाव्हाची कारंजी उडू लागली. त्यांची दृश्ये जगभर पाहिली गेली आणि आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : बाकीच्या देशांत ज्वालामुखी जागा झाला की गावेच्या गावे हलवतात. हवाईत मात्र लोक विवराच्या काठावर उभे राहून बघतात. हा ज्वालामुखी निरुपद्रवी आहे का?

निरुपद्रवी मुळीच नाही. इथला लाव्हा बेसॉल्टचा, साधारण ११५० अंश सेल्सिअस तापमानाचा. त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तो पातळ राहतो आणि त्यात विरघळलेला वायू सहज निसटतो. सिलिका ६० टक्क्यांच्या वर गेली की शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) घट्ट होतो, वायू कोंडतो आणि डोंगराचे तोंडच उडते. हवाईत तसे सहसा होत नाही. कारंजे शेकडो मीटर उंच उडाले, तरी त्याचा बहुतेक लाव्हा विवरातच पडतो.

मात्र याच किलाउआच्या १७९० च्या स्फोटात माथ्याजवळून जाणारे अनेक लोक मेले. मे १९२४ मध्ये विवरातले लाव्हाचे तळे आटले, त्यानंतर स्फोट सुरू झाले आणि मोठमोठे दगड दूरवर फेकले गेले. एक माणूस त्यात दगावला. लाव्हाची पातळी खाली गेल्यावर भूजल तापलेल्या खडकापर्यंत पोचले आणि वाफ कोंडली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून लाव्हा वर आला की लोक धास्तावतात, पण तो झपाट्याने खाली गेला की अभ्यासक जास्त सावध होतात.

प्रश्न : ज्वालामुखी बहुधा भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडेला असतात. हवाई तर भूपट्टाच्या ऐन मध्यावर आहे. तिथे ज्वालामुखी आले कुठून?

पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, एक उष्ण प्रवाह, म्हणजे हॉटस्पॉट, एका जागी तग धरून आहे. त्याच्यावरून पॅसिफिक भूपट्ट वर्षाला ७ ते १० सेंटिमीटर वायव्येकडे सरकतो, म्हणून जुना ज्वालामुखी पुढे वाहून जातो आणि हॉटस्पॉटवर नवा तयार होतो. ही कल्पना कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. काउआई हे वायव्येकडचे बेट सुमारे ५० लाख वर्षांचे आहे, तर किलाउआ ज्यावर आहे ते आग्नेयेकडचे हवाई बेट दहा लाख वर्षांच्या आतले. आणखी आग्नेयेला, समुद्राखाली पुढचा ज्वालामुखी तयार होतो आहे. त्याचे नाव कामाएहुआकानालोआ, आणि त्याचा माथा अजून सुमारे ९७५ मीटर पाण्यात आहे.

प्रश्न : लाव्हा माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकतो असे वाचले. मग २०१८ मध्ये किलाउआच्या उद्रेकात सातशेहून जास्त घरे कशी गेली?

माणूस बाजूला होऊ शकतो, घर नाही. हे झाले एक कारण. दुसरे जास्त महत्त्वाचे आहे. लाव्हा माथ्यावरून वाहत आला नव्हता. शिलारस जमिनीखालून सुमारे ४० किलोमीटर पूर्वेला गेला आणि लेलानी इस्टेट्स या वस्तीतच वर आला. आधी रस्त्यांना भेगा पडल्या, ३ मे रोजी त्यांतून लाव्हा निघाला, आणि पुढे अशा एकूण २४ भेगा उघडल्या. सुरुवातीचा लाव्हा जुना होता. आधीच्या उद्रेकांतून जमिनीत साठून राहिलेला, थोडा थंडावलेला, घट्ट. तो रेंगाळत होता. मागून ताजा, अधिक गरम शिलारस आला आणि चित्र पालटले. आठव्या भेगेतून फुटलेली लाव्हाची नदी सुमारे १३ किलोमीटरचा पाट काढून जूनच्या सुरुवातीला कापोहोच्या उपसागरात शिरली आणि तो उपसागर बुजवून टाकला.

तेव्हा 'लाव्हाचा वेग' असा एक आकडा सांगण्यात अर्थ नाही. उतार, तापमान आणि वाट या तिन्हींवर तो ठरतो. पाहोएहोए प्रकारचा गुळगुळीत लाव्हा सपाटीवर तासाला काही मीटरच जातो. पण त्याची वरची साय गोठली की आत बोगदा बनतो, आणि बोगद्यातून कित्येक किलोमीटर जाऊनही त्याचे तापमान जेमतेम काही अंशांनी उतरते. म्हणून तो दूरवर पोचतो. उलट तीव्र उतारावर, १९५० मध्ये, त्याच बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीचा लाव्हा चार तासांच्या आत समुद्राला मिळाला होता.

आणखी एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. लाव्हाखाली गाडली गेलेली झाडेझुडपे हवेविना जळतात, त्यातून मिथेन निघतो, जमिनीतल्या पोकळ्यांतून पुढे सरकतो आणि प्रवाहाच्या टोकापासून काही मीटर अंतरावर पेट घेऊन स्फोट होतो. प्रवाह संथ दिसतो म्हणून रानातून त्याच्या जवळ जाऊ नये, ते यासाठीच.

प्रश्न : बॉम्ब टाकून लाव्हा वळवता येतो का?

प्रयत्न झाला आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मौना लोआचा लाव्हा हिलो शहराच्या दिशेने येऊ लागला, तेव्हा तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेचे संस्थापक थॉमस जॅगर यांच्या सूचनेवरून अमेरिकी सैन्याच्या विमानांनी प्रवाहाच्या उगमाजवळ बॉम्ब टाकले. काही दिवसांत प्रवाह थांबला. जॅगर यांनी श्रेय बॉम्बना दिले, पण उद्रेक तेव्हा आपोआपच ओसरत होता असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे, आणि आम्हालाही तेच पटते.

प्रश्न : वाहत्या लाव्हाचा नमुना कसा घेतात?

साध्या हातोडीने. आधी वाऱ्याची दिशा बघायची आणि वायू अंगावर येणार नाही अशा बाजूने जायचे. कपडे सुती, लोकरी किंवा आगरोधक. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर पडदी. हातोडीच्या टोकाने साय फोडायची, आतल्या लालभडक रसात टोक बुडवून पिळा द्यायचा आणि गोळा ओढून काढायचा. घट्ट पाकातून पळी फिरवल्यासारखे लागते. मग काही सेकंदांच्या आत तो गोळा पाण्याच्या बादलीत.

ही घाई महत्त्वाची आहे. लगेच थंड केला तर लाव्हाची काच होते आणि त्या क्षणाची रासायनिक घडण तीत जशीच्या तशी राहते. रेंगाळलात तर स्फटिक वाढतात, काचेतला मॅग्नेशियम कमी होतो, आणि त्या प्रमाणावरून काढलेले तापमान खऱ्यापेक्षा कमी येते. नमुना जुन्या, अर्धवट गोठलेल्या सायीचा घेतला तरी हीच चूक होते. २०१८ मध्ये ताजा शिलारस येऊ लागल्याचे अशाच नमुन्यांवरून कळले.

प्रश्न : पुढचे कारंजे कधी उडेल, हे आधी सांगतात ते कशाच्या जोरावर?

जमिनीच्या कलावरून. शिलारस भरू लागला की माथा फुगतो आणि कलमापक ते टिपतो. याचे एकक मायक्रोरेडियन : एक किलोमीटर लांबीच्या दांडीचे एक टोक एक मिलिमीटर उचलले, तर जितका कल होईल तितका. कारंजे सुरू झाले की माथा झपाट्याने बसतो, थांबले की पुन्हा सावकाश फुगू लागतो. मागच्या खेपेला गमावलेला कल बराचसा भरून आला की पुढची खेप जवळ आली असे समजतात. फुगण्याचा वेग मध्येच बदलतो, म्हणून एक तारीख न देता काही दिवसांची मुदत देतात.

प्रश्न : माझी बहीण हिलोजवळ राहते. घरात छतावरून टाकीत साठवलेले पावसाचे पाणी वापरतात. उद्रेकाच्या काळात ते चालेल का?

काळजी घ्यायला हवी, कारण तिथल्या कितीतरी घरांचा हाच पाणीपुरवठा आहे. कारंज्यातून काचेचे केसासारखे बारीक तंतू आणि राख वाऱ्याबरोबर येऊन छतावर पडते. शिवाय सल्फर डायऑक्साइडमुळे पाऊस आम्लधर्मी होतो आणि छताच्या पत्र्यातले, सांध्यांना दिलेल्या जुन्या डाखातले (सोल्डरमधले) किंवा खिळ्यांतले शिसे विरघळवतो. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

उद्रेकाची सूचना मिळाली की लगेच छताकडून टाकीत येणारा नळ सोडवून ठेवायला सांगा. राख पडायची थांबली की छत आणि पन्हळी धुऊन ते पाणी बाहेर सोडायचे, त्यानंतरच नळ जोडायचा. धुताना डोळ्यांना बंद चष्मा हवा, कॉन्टॅक्ट लेन्स नको, आणि अंगभर कपडे. तंतू डोळ्यात गेले तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे. टाकीतला गाळ ढवळू नये; उपसा तळापासून थोड्या उंचीवरून असावा. पाण्याची आम्लता आणि शिसे तपासून येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बाहेरचे पाणी वापरावे. एन-९५ मुखपट्टी राख आणि बारीक कण अडवते, सल्फर डायऑक्साइड नाही. घरात कुणाला दमा असेल, तर वायूचे प्रमाण वाढलेल्या दिवशी खिडक्या बंद करून आत बसावे आणि वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा न घेता आतलीच फिरवेल असे लावावे.