वाचकांचे प्रश्न : साप चावला, आता नागपूर की जवळचं रुग्णालय?

प्रश्न : आमच्याकडे कुणाला साप चावला की गाडी थेट नागपूरला निघते. तिथली मेयो आणि मेडिकल ही दोन वेगळी रुग्णालये आहेत काय? आणि एवढ्या दूर नेणं बरोबर आहे काय?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही सरकारी, पण वेगळी. मेयो इंग्रजांच्या काळातलं, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या नावाचं. आता पाटीवर इंदिरा गांधींचं नाव आहे. ते नागपूर स्टेशनजवळ. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, १९४७ चं, नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असतानाचं. त्याला अजनी स्टेशन जवळ पडतं. विदर्भातले अवघड रुग्ण वर्षानुवर्षे इथंच यायचे, म्हणून थेट नागपूर गाठायची सवय लागली. पण यवतमाळला १९८९ मध्ये, अकोल्याला २००२ मध्ये, पुढे चंद्रपूर-गोंदियालाही सरकारी मेडिकल कॉलेज झालं. सवय मात्र सुटली नाही, आणि सर्पदंशात ती जीवावर बेतते.

आधी जवळचं ग्रामीण रुग्णालयच गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस (म्हणजे दंशानंतर द्यायचं प्रतिविष) तिथं मिळते. विषबाधेची लक्षणं असतील तर साधारण १० कुप्यांनी सुरुवात होते. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त साकळत नाही. ते तपासायला २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर चांगलं रक्तही साकळत नाही आणि निकाल चुकतो. नाग-मण्यारीच्या दंशात ही तपासणी ठीक येते, पण पापण्या जड होतात, श्वास अडतो. अशा रुग्णाला लस सुरू करून लगेच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवावं लागतं. तुमच्यासाठी ते यवतमाळ. दंशाच्या वर दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. पाय हलू देऊ नका.

१०८ ची गाडी निघण्याआधी रेफरची चिठ्ठी वाचून घ्या. दंशाची वेळ, किती कुप्या केव्हा दिल्या, रक्ततपासणीचा निकाल आणि लघवी किती झाली, एवढं त्यात हवंच. हे नसेल तर पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून ताडावं लागतं, आणि तो वेळ रुग्णाचा जातो.

प्रश्न : सोबत कोणते कागद न्यावेत?

उत्तर : आधार आणि रेशन कार्ड. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) तेच मागतात. घरी राहिले असतील तर थांबू नका, मागून कुणाच्या हाती पाठवा.