खाणं, बेकिंग आणि वाचन: नोकरी सांभाळून तिन्ही कसं जमवायचं?

तुम्ही विचारलंय की खायची, बेकिंगची आणि वाचनाची अशा तिन्ही आवडी आहेत, पण नोकरीतून उरलेल्या वेळात जेमतेम एकच पुरी होते, तर कुठली सोडावी?

माझं म्हणाल तर एकही सोडू नका, फक्त बेकिंगमध्ये ब्रेडकडे वळा. केक म्हणजे सतत उभं राहणं. लोणी-साखर फेसायची, अंडी एकेक करून घालायची, साचा भरायचा, आणि तो ओव्हनमध्ये गेला की पसारा आवरेपर्यंत केक तयार. ब्रेडचं बहुतेक काम यीस्ट करतं आणि त्या वेळात त्याला आपली काही गरज नसते. हात लावायचं काम सगळं मिळून अर्ध्या तासाचं, बाकी नुसती वाट बघायची. धड बाहेर जाता येत नाही, दुसरं मोठं काम काढता येत नाही, आणि रिकामं बसल्याची टोचणीही लागत नाही. कोणी विचारलंच तर "ब्रेड करतेय" हे शंभर टक्के खरं उत्तर असतं. माझं निम्मं वाचन या सबबीवर चालतं.

वाचायचं काय, ते पीठच ठरवतं. पहिल्यांदा फुगायला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात कादंबरीत चांगलं आत शिरता येतं. आकार देऊन झाला की पुढच्या पाऊण तासात एखादी कथा सहज होते. फक्त गजर लावून बसा. फुगण्याची हद्द ओलांडलेलं पीठ ओव्हनमध्ये बसकण मारतं, आणि रहस्यकथा हातात असेल तर हद्द हमखास ओलांडली जाते.

मळायचा कंटाळा असेल तर तोही टाळता येतो. मैदा आणि पाणी नुसतं कालवून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवलं तरी ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे आपोआप जुळू लागतात. रेमों काल्वेल या फ्रेंच बेकिंग-गुरूंनी १९७०च्या दशकात ही पद्धत मांडली. त्याच्याही पुढे जाऊन न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची अजिबात न मळायची कृती २००६ साली वर्तमानपत्रात आली आणि घरोघरचे लोक ब्रेड करू लागले. त्या धाटणीचं माझं प्रमाण असं: ४०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि पाव चमचा कोरडं यीस्ट. चमच्याने कालवा, झाका आणि झोपायला जा. बारा ते अठरा तासांनी गोळा दुप्पट होऊन वर बुडबुडे दिसतात. हवा उकाड्याची असेल तर बराच आधी होतो, म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. तेवढ्यात घरी पोचणार नसाल तर फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट मंदावतं, पण चव मुरत राहते, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशीच्या पिठाचा ब्रेड जास्त चवदार लागतो.

आकार देऊन ठेवलेल्या गोळ्याला कोरड्या पिठात बुडवलेलं बोट हलकेच टोचून बघा. खळगा झटकन भरला तर अजून अवकाश आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनची वेळ झाली, आणि तसाच राहिला तर उशीर झालाय. मोजमापांच्या सगळ्या गप्पांपेक्षा ही एक परीक्षा कामाची.

झाकणाचं जाड भांडं ओव्हनमध्येच २३० अंश सेल्सिअसला सणसणीत तापवून त्यात गोळा सोडायचा. पहिली तीस मिनिटं झाकण ठेवायचं, म्हणजे पिठातलीच वाफ आत कोंडून साल मऊ राहते आणि ब्रेड मोकळा फुगतो. मग झाकण काढून आणखी पंधरा-वीस मिनिटं. या शेवटच्या टप्प्यात मी वाचत नाही. वाचलं तरी डोक्यात जात नाही, कारण तोवर घरभर वास सुटलेला असतो. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१२ साली ज्या रासायनिक क्रियेचं वर्णन केलं, तिचा हा वास आणि हा खरपूस रंग. आतल्या भागात पाणी असल्याने तो शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून गर पांढरा राहतो. वरची साल कोरडी पडून त्याच्या बरीच पुढे तापते, म्हणून खमंग होते.

बाहेर काढलेला ब्रेड जाळीवर ठेवा आणि कान जवळ न्या. निवताना साल आकसते, तिला बारीक तडे जातात, आणि वाळलेल्या पानांवर कोणी हळूच चालावं तसा कडकड आवाज येत राहतो. याच वेळी सुरी चालवायचा मोह होतो. तासभर तरी आवरा. आतला स्टार्च निवतानाच घट्ट बसतो, गरम कापलात तर गर सुरीला चिकटतो आणि आतली भोकं चेपतात. वाट बघायचा हा शेवटचा तास, आणि वाचनाच्या दृष्टीने सगळ्यात कठीण.

आता खाताना वाचावं का? यावर माझी मतं जरा ठाम आहेत. ताज्या ब्रेडच्या पहिल्या कापाला पुस्तक मिटायचं. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. चावताना तो घशाच्या मागून नाकात चढतो, आणि लक्ष दुसरीकडे असेल तर तो कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीचा टोस्ट मात्र वाचत खायलाच केलेला असतो. एका हातात मावतो, गार झाला तरी चालतो, कुरकुरतो. चुरा पुस्तकाच्या शिवणीत जाऊन बसतो, तेवढं सोसायचं. लोणी मात्र बेताने लावा, पानावरचा तुपकट डाग जात नाही.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दमट हवेत फार काळ बाहेरही टिकत नाही, बुरशी धरते. काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा एकेक थेट टोस्टरमध्ये घाला.

राहिली पाककृतींची पुस्तकं. ती स्वयंपाकघरात कमी आणि अंथरुणात जास्त वाचली जातात, निदान माझी तरी. त्यातले पदार्थ करायलाच हवेत असं नाही. साहित्याची यादी वाचतानाच जीभ अर्धं काम करते. पण करायचाच बेत असेल तर आदल्या दिवशी शेवटपर्यंत वाचा, कारण "रात्रभर ठेवा" हे शब्द नेहमी चौथ्या-पाचव्या ओळीत लपलेले असतात.

सुरुवात सुट्टीच्या आदल्या रात्री करा. पीठ कालवायला पाच मिनिटं लागतील, आणि उद्याचं पुस्तक जरा जाडच काढून ठेवा.