कॅडिलॅक ही नुसती हवा होती का?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की ऑफिसातली अमेरिकन मंडळी गवत कापायच्या मशीनपासून गादीपर्यंत कशालाही ‘त्यातली कॅडिलॅक’ (म्हणजे त्यातली सर्वोत्तम) म्हणतात, पण त्या नावाची आलिशान अमेरिकन गाडी चालवताना दिसतात ते पंचाहत्तरीचे आजोबा. मग या नावात खरंच काही होतं की नुसती हवा? दुसरा, शेजारचे आजोबा त्यांची 2002 सालची कॅडिलॅक डव्हिल स्वस्तात देतायत (सैतानाशी संबंध नाही, शब्द फ्रेंच आहे), ती घ्यावी का. मी आधी पिंपरीत टूलरूममध्ये आणि मग वीसेक वर्षं डेट्रॉइटच्या आसपास सुट्या भागांच्या धंद्यात काढली. त्यामुळे पहिलं उत्तर लांबणार. घाई असेल तर शेवटचे दोन परिच्छेद आधी वाचा.

हवा नव्हती. हे नाव मापावर उभं राहिलं. हेन्री लेलंड नावाचा माणूस, जन्म 1843 चा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या कारखान्यात कामाला होता आणि पुढे ब्राउन अँड शार्पमध्ये, म्हणजे मोजमापाची हत्यारं बनवणाऱ्यांच्या घरातच, तयार झाला. 1902 मध्ये हेन्री फोर्डचं भांडवलदारांशी बिनसलं आणि तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला. मागे राहिलेल्यांनी यंत्रसामग्री विकून मोकळं व्हायचं ठरवलं आणि किंमत काढायला लेलंडला बोलावलं. लेलंड आला तो एक इंजिन दाखवायला घेऊन. हे त्याने ओल्ड्समोबिलसाठी सुधारलं होतं आणि त्यांनी नाकारलं होतं. तो म्हणाला, विकू नका, हे बसवून गाड्या काढा. त्या कंपनीला नाव दिलं गेलं ते 1701 मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं, अंत्वान द ला मोत कॅडिलॅक याचं. गंमत अशी की या गृहस्थाचं मूळ नाव अंत्वान लोमे. सरदारकी, ‘कॅडिलॅक’ हे नाव आणि गाडीच्या बिल्ल्यावर दिसते ती कुळचिन्हाची ढाल, सगळं त्याने अमेरिकेत आल्यावर स्वतःच जुळवलेलं. हजारांश इंचाचा हिशेब ठेवणाऱ्या गाडीच्या नाकावर शंभर वर्षं बनावट कुळचिन्ह मिरवतंय!

आता 1908 ची गोष्ट. त्या काळी मोटार म्हणजे कारागिरी. एका गाडीचा पिस्टन दुसऱ्या गाडीत बसायचा नाही, फिटर कानस मारून मारून तो बसवायचा. इंग्लंडमधला कॅडिलॅकचा विक्रेता फ्रेडरिक बेनेट याने लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबला सांगितलं, आमच्या गाड्यांची परीक्षा घ्या. क्लबने त्याच्या साठ्यातल्या 8 गाड्यांमधून 3 निवडल्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या आणि पार सुट्या केल्या. प्रत्येकीचे 721 भाग. मग सगळे भाग एका ढिगात मिसळले आणि त्यातले 89 काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कपाटातले नवे टाकले. या ढिगातून पुन्हा 3 गाड्या उभ्या करायच्या, हत्यारं फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर. कानस लावायची नाही, हातोडीने ठोकून बसवायचं नाही. गाड्या उभ्या राहिल्या, सुरू झाल्या आणि ट्रॅकवर 500 मैल धावल्या. या कामगिरीसाठी क्लबची ड्युअर ट्रॉफी मिळाली, अमेरिकन गाडीला पहिल्यांदाच. ‘जगाचं प्रमाण’ ही कॅडिलॅकची जाहिरात त्यानंतरची. टूलरूममध्ये ज्यांनी स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) हाताळलेत त्यांना याची किंमत कळेल. बाकीच्यांनी एवढंच करावं, तीन सोसायट्यांमधल्या सगळ्या दारांची कुलपं काढून एका पोत्यात टाकावीत आणि परत बसवून बघावीत.

1909 मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण कारभार लेलंडकडेच राहिला. 1912 च्या गाडीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. तोपर्यंत पुढे उभं राहून हँडल मारावं लागायचं आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. केटरिंग आधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटरला क्षणभरच जोर लावावा लागतो, तर इंजिन फिरवायलाही क्षणभरच लागेल की, एवढंच त्याचं गणित! बाकी तज्ज्ञ सतत चालू शकेल अशा थोरल्या मोटरचा हिशेब करत बसले होते. 1915 च्या मॉडेलला व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन आलं. 1917 मध्ये पहिल्या महायुद्धासाठी विमानाची इंजिनं बनवण्यावरून लेलंडचं वरच्यांशी वाजलं, तो सत्तरी ओलांडलेला असताना बाहेर पडला आणि त्याने नवी कंपनी काढली, लिंकन. म्हणजे अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या आलिशान गाड्यांचा बाप एकच. ती लिंकन कर्जात बुडाली तेव्हा 1922 मध्ये विकत कुणी घेतली? हेन्री फोर्डने. हा हिशेब मला फार आवडतो.

जानेवारी 1930 मध्ये, शेअर बाजार कोसळून तीन महिने होत नाहीत तोच, कॅडिलॅकने 16 सिलिंडरची गाडी बाजारात आणली. मुहूर्त काढणाऱ्याला शोधायला हवा होता. दहा-अकरा वर्षांत अशा जेमतेम चार हजार गाड्या खपल्या. मंदीत प्रतिस्पर्धी पॅकार्ड पुढे आणि कॅडिलॅक मागे, अशी स्थिती होती. याच काळातली एक हकीकत इथल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते. काळ्या माणसाला कॅडिलॅक विकायची नाही, असं कंपनीचं धोरण होतं, ‘प्रतिष्ठा’ जपायला. निकोलस ड्रेस्टाट हा जर्मनीहून आलेला मेकॅनिक सर्व्हिस विभागाचा प्रमुख होता. गावोगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला दिसलं, की गाड्या दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांत कितीतरी काळे लोक आहेत: मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर, व्यापारी. मग यांनी गाडी घेतली कशी? एखाद्या गोऱ्या माणसाला पैसे चारून त्याच्या नावावर. ज्यांना चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हतं, त्यांना यश दाखवायला हीच एक जागा होती. ड्रेस्टाटने वरिष्ठांना विचारलं, हा वरचा पैसा आपणच का घेऊ नये? धोरण बदललं, विक्री वर आली आणि 1934 मध्ये तो कॅडिलॅकचा मुख्य झाला. यात समतेचा पुळका होता असं मला वाटत नाही, सरळ धंदा होता. पण पुढे मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनच्या गुलाबी कॅडिलॅकला जो अर्थ आला, त्याची सुरुवात इथे आहे.

युद्धानंतरची पंचवीस वर्षं तुम्ही चित्रात पाहिली असतीलच. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याच्या डिझायनरांनी पी-38 हे लढाऊ विमान पाहिलं आणि 1948 च्या कॅडिलॅकला मागे लहानसे पंख फुटले. वाढत वाढत 1959 मध्ये ते हास्यास्पद उंचीला गेले. मला स्वतःला 1956 ची गाडी जास्त आवडते. वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे खुर्ची टाकून बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, यात पेट्रोल कुठून भरता? सगळीकडून फिरून पाहिलं, टोपण कुठेच दिसेना. ते उठले, मागच्या डाव्या दिव्याखालचा गोल रिफ्लेक्टर अंगठ्याने दाबला आणि अख्खा दिवा बिजागरीवर वर उघडला. आत टोपण. परत खाली केला तेव्हा सांध्यात नख जाईना. सत्तर वर्षांच्या गाडीचा सांधा होता तो. ‘त्यातली कॅडिलॅक’ हा वाक्प्रचार या सांध्यातून आलाय, पंखांतून नाही. 1957 ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोम तर 13,074 डॉलरची, त्या वेळच्या रोल्स-रॉइसपेक्षा महाग: स्टेनलेस स्टीलचं छत, अत्तराची बाटली, खणात लोहचुंबकाने चिकटणारे पेले. प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा व्हायचा, तरी काढली.

घसरण सुरू झाली ती खप वाढला तेव्हाच. सत्तरच्या दशकात वर्षाला तीन-तीन लाख गाड्या जायला लागल्या. गल्लीत चौघांकडे असलेली वस्तू मिरवणार कशी? आत हळूहळू प्लॅस्टिक आलं आणि एल्डोराडोचं 8.2 लिटरचं धूड इंजिन प्रदूषणाचे नियम पाळता पाळता 1976 मध्ये 190 अश्वशक्तीवर आलं. मग ऐंशीचं दशक. 1981 मध्ये गरजेप्रमाणे 8, 6 किंवा 4 सिलिंडरवर चालणारं इंजिन आणलं. कल्पना उत्तम, आज असंख्य गाड्यांत हेच असतं. पण तेव्हाचा कॉम्प्युटर मंद, गाडी गचके द्यायची. शेवटी डीलर लोक वायर काढून ती कायमची 8 वर ठेवायचे. पुढच्याच वर्षी 4.1 लिटरचं नवं इंजिन: ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमचा, हेड (त्यावरचं झाकण) ओतीव लोखंडाचं. तापल्यावर दोन धातू वेगवेगळे फुगतात हे आयटीआयचा पोरगा सांगेल. दोघांमधली गॅस्केट गळायची, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तेलात जायचं. जोडीला डिझेल इंजिन होतं, त्याचे हेड बोल्ट ताण सहन करत नव्हते.

आणि सिमॅरॉन. आपल्याकडे जनरल मोटर्स म्हणजे 2017 पर्यंत विकली जाणारी तळेगावची शेवरोले, हो ना? समजा, त्यांच्याच छोट्या बीट गाडीला लेदरच्या सीट आणि वेगळी जाळी लावून कुणी ‘ही आमची सर्वोच्च गाडी’ म्हणून विकली असती तर? 1982 मध्ये हेच केलं. शेवरोले कॅव्हेलियर घेतली, 88 अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन तसंच ठेवलं, बिल्ला बदलला आणि किंमत 12 हजार डॉलरच्या वर लावली. 7 वर्षांत सुमारे 1 लाख 32 हजार गाड्या विकल्या गेल्या, म्हणजे तितक्या लोकांना मापात मारलं. हेच नेमकं दुखणं. लेलंडने तीन गाड्यांचे भाग एकमेकींत बसवून दाखवले तेव्हा नाव झालं आणि त्याच्या वारसांनी शेवरोलेचे भाग कॅडिलॅकमध्ये बसवले तेव्हा गेलं. उलट टोकाची तऱ्हा कॅडिलॅकच्याच पुढच्या अलांटे गाडीची. तिच्या बॉड्या इटलीत पिनिनफरिना हे डिझाइनवाले बनवायचे आणि तिथून खास तयार केलेल्या बोइंग 747 मधून, एका खेपेला 56, डेट्रॉइटला यायच्या. 1987 ते 1993 एवढंच तिचं आयुष्य.

मानहानीचा तळ माझ्या मते 1998 चा. विक्रीत लिंकनपेक्षा आपण 222 गाड्यांनी पुढे आहोत, असं कॅडिलॅकने जाहीर केलं. काही महिन्यांनी कबूल करावं लागलं की आकडा फुगवलेला होता. लेलंडच्या कंपनीने मोजण्यात लबाडी करावी, तीही लेलंडच्याच दुसऱ्या कंपनीविरुद्ध!

त्यानंतर सावरली, हेही खरं. एस्कलेड ही थोरली एसयूव्ही सुरुवातीला दुसऱ्याच गाडीला बिल्ला लावून घाईघाईत आणलेली, पण हिप-हॉपवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. कंपनीने ठरवलेलं नसताना तरुण गिऱ्हाईक आलं, आणि पुन्हा त्याच काळ्या समाजातून. 2003 ची सीटीएस ही सेडान कोनाकोनाची, चालवायला खरंच चांगली. 2008 मध्ये तिच्या व्ही या वेगवान आवृत्तीने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग शर्यतमार्गाची फेरी 8 मिनिटांच्या आत मारली. आत्ताची सीटी5-व्ही ब्लॅकविंग तर 668 अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे गिअर. जर्मन गाडीवाल्या मित्रांना मी ती चालवायला लावतो आणि गप्प बसतो. तरी नाव परत यायला गाडी चांगली असून भागत नाही, पिढी जावी लागते. तुमच्या ऑफिसातल्यांनी वाक्प्रचार आजोबांकडून घेतला आणि गाडी जर्मनीतल्या बव्हेरियातून.

आता शेजाऱ्यांची डव्हिल. तिच्यात 4.6 लिटरचं नॉर्थस्टार इंजिन असणार. चालायला रेशमासारखं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हेड बोल्टचे आटे जातात, हेड गॅस्केट सुटते, आणि ते नीट करायला इंजिन खाली उतरवून नवे इन्सर्ट टाकावे लागतात. त्याचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. सगळ्यांच्याच जातात असं नाही, पण तपासल्याशिवाय हात लावू नका.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना जा, आजोबांनी आधीच गरम करून ठेवलेली नको. कूलंटच्या टाकीचं टोपण उघडून पातळी बघा, मग गाडी सुरू करून टाकीत सतत बुडबुडे येतायत का बघा. नंतर हायवेवर चांगली तासभर चालवा, एखादा चढ आणि एसी चालू असू द्या, आणि नजर तापमानाच्या काट्यावर. काटा मधल्या रेघेच्या वर सरकला तर तिथेच विषय संपला. सरकला नाही तरी गॅरेजवाल्याकडून निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या: टाकीच्या तोंडावर नळी लावतात, कूलंटमध्ये जळका वायू येत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. पिवळं पडलं तर आजोबांना नमस्कार करून घरी या. निळंच राहिलं आणि भाव खरंच तुम्ही लिहिलाय तेवढा असेल, तर घ्या. गणपतीत मंडळाचं मखर न मोडता मावेल अशी डिकी आजकालच्या गाड्यांना शोधून सापडत नाही.