नवं पिल्लू आणि पातळ शी: आधी दूध बंद करा

ताई, वेंगुर्ल्याच्या मासळी बाजाराजवळून उचललेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, घरी येऊन चार दिवस झालेत, दोन दिवस पातळ शी, आणि खायला दूध-भात. पण पिल्लू खेळतंय, ओकलेलं नाही. हे शेवटचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. शीपेक्षा पिल्लाकडे बघायचं असतं.

दूध आजच बंद करा. कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं, ते न पचलं की जुलाब होतात. त्याऐवजी उकड्या तांदळाची घट्ट पेज किंवा गुरगुट्या भात द्या, मीठ न घालता. त्यात हाडं-कातडी काढून उकडलेली थोडी कोंबडी कुस्करा. कालवण, सुकट, नारळाचा रस काहीही नको. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. ‘एक दिवस उपाशी ठेव, पोट बसेल’ असं शेजारीपाजारी सांगतील, ते ऐकू नका. एवढ्या लहान पिल्लाच्या रक्तातली साखर उपाशीपोटी झपकन उतरते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवून वाटीत ठेवा, त्याचं त्याला चाटू दे. पिल्लू मलूल असेल तर तोंडात पिचकारीनं ओतू नका, फुप्फुसात जातं.

माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या घरात असतील त्या घरातच राहू देत.

आता जंत. रस्त्यावरच्या पिल्लात जंत असणारच असं धरून चाला. काही आईच्या पोटातून येतात, काही दुधातून. आपल्याकडची दमट, सावलीतली माती अंकुशकृमींना फार मानवते. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, मग शी काळपट, डांबरासारखी होते आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. ओठ वर करून हिरड्या रोज बघा, गुलाबी आणि ओलसर हव्यात. जंतांच्या औषधाचा डोस वजनावर असतो, म्हणून अंदाजानं देऊ नका. औषधानंतर शीत शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, ते बाहेर पडताहेत. एका डोसात काम होत नाही, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पोरं अनवाणी खळ्यात खेळत असतील तर शी लगेच उचला, हे कृमी माणसाच्या कातडीतही शिरतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. काही वर्षांपूर्वी मी एकाच वेतातली दोन पिल्लं आणली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यातली मादी ओकली, रात्री रक्ताची शी झाली, वास असह्य. धो धो पाऊस, लाईट गेलेली, दवाखाना तालुक्याला. सकाळी नेऊ म्हटलं. सकाळी ती मान उचलत नव्हती, दुपारी गेली. तिचा भाऊ त्याच दुपारी ओकला. त्याला तसाच उचलून नेला. तपासणीत पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू, निघाला, पाच दिवस सलाईन लावलं आणि तो वाचला. पार्वोच्या विषाणूवर थेट औषध आपल्याकडे सहसा मिळत नाही. पाणी, ओकारी थांबवणारं औषध आणि अँटिबायोटिक यांवर पिल्लाला तगवतात, म्हणून तास मोलाचे असतात. तेव्हा ओकारी, रक्त, खाणं सोडणं किंवा मलूलपणा, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. मी काढली.

तसं काही नसलं तरी दोन दिवसांत पेजेनं फरक पडला नाही, तर ताजी शी डबीत घेऊन दवाखान्यात जा. गावात आपण ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतो, पण कुत्र्यांनाही तिथे बघतात. निघण्याआधी डॉक्टर आहेत का ते फोन करून विचारा. शीत जंतांची अंडी किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, मग नेमकं औषध मिळतं.

लादी फिनेलनं पुसत असाल तर थांबा. पिल्लू ते चाटतं, आणि पार्वो त्यानं भरवशानं मरतही नाही. आधी लादी धुवून, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यानं धुवा. खळ्याच्या मातीला हे लागू पडत नाही, तिथे विषाणू वर्षभरही टिकू शकतो.

पोट सुधारलं की पिल्लाला पार्वोची पहिली लस टोचून घ्या. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तोवर त्याला बंदरावर किंवा इतर कुत्र्यांत सोडू नका, पडवीतच खेळवा.