केअर एजन्सीचं 'गुड' रेटिंग आणि घरात पोचणारी सेवा

ताई, दोन्ही प्रश्न एकत्रच घेते. सासूबाई आणि धाकटे दीर लेस्टरला एकत्र राहतात. सासूबाईंना पार्किन्सन्स आहे आणि कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, लावून दिलेल्या एजन्सीचे केअरर दिवसातून चार वेळा येतात. एजन्सीचं रेटिंग 'गुड' आहे, तरी सासूबाई सकाळी ताठरलेल्या आणि दुपारी उपाशी सापडतात, असं तुम्ही लिहिलंय. दिरांना लर्निंग डिसॅबिलिटी (शिकण्या-समजण्यातली अडचण) आहे आणि आता त्यांना सपोर्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे मदतनिसांच्या आधाराने भाड्याच्या घरात, हलवायचा प्रस्ताव आलाय. 'गुड'वर किती विसंबायचं आणि दिरांची जागा कशी पारखायची, हे तुम्ही विचारलंय. मी एका कौन्सिलच्या क्वालिटी टीममध्ये बरीच वर्षं अशा एजन्सींची दफ्तरं तपासली आहेत. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

हे रेटिंग सीक्यूसी, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था देते. ती २००९ पासून इंग्लंडभर या सेवांवर देखरेख करते. सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का आणि कारभार नीट आहे का, असे पाच प्रश्न ती विचारते. उत्तरं 'आउटस्टँडिंग', 'गुड', 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' आणि 'इनॅडिक्वेट' या चार श्रेणींत बसवते. केअर होममध्ये इन्स्पेक्टर न सांगता येऊन जेवणाच्या टेबलाशी उभा राहू शकतो. होम केअरमध्ये तसं होत नाही. तिथे तो एजन्सीच्या ऑफिसात जातो, आणि मॅनेजर जागेवर असावी म्हणून बहुधा आधी कळवून जातो. काही केअर प्लॅन, काही औषधांचे तक्ते, काही कर्मचाऱ्यांच्या फाइली उघडतो, थोड्या कुटुंबांना फोन करतो. कोणाच्या घरी जायचं तर त्या माणसाची परवानगी लागते. म्हणजे सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळी काय घडतं, ते कोणी पाहिलेलं असेलच असं नाही. शिवाय सीक्यूसीचा अधिकार अंघोळ, कपडे, खाणं, शौच अशा शारीरिक देखभालीपुरता असतो. त्याच एजन्सीची बाई फक्त खरेदी आणि साफसफाई करत असेल तर ते तपासणीत येतच नाही.

रिपोर्ट उघडलात की आधी तारीख बघा. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सीक्यूसीच्याच कामाची चौकशी केली. २०१९ मध्ये जवळपास १५,८०० तपासण्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये फक्त ६,७००, असं त्यांच्या अहवालात आहे. पाचांतल्या साधारण एका ठिकाणाला तर कधी रेटिंगच मिळालेलं नव्हतं. एजन्सीचा कणा म्हणजे तिथली रजिस्टर्ड (सीक्यूसीकडे नोंदलेली) मॅनेजर. सहा वर्षांपूर्वीच्या 'गुड'नंतर तिथे तीन मॅनेजर बदलून गेल्या असतील तर ते रेटिंग दुसऱ्याच एजन्सीचं समजा. मला स्वतःला असं जुनं 'गुड' आणि गेल्या वर्षीचं, सुधारत चाललेलं 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' यांत निवडायला सांगितलं तर मी दुसऱ्याकडे जाईन.

मग थेट 'वेल-लेड' म्हणजे कारभाराचा भाग वाचा. 'केअरिंग' म्हणजे वागणुकीच्या भागात जवळपास सगळ्यांना चांगले शेरे मिळतात, कारण बहुतेक केअरर मनापासून काम करतात आणि म्हातारी माणसं त्यांच्याविरुद्ध बोलत नाहीत. घसरण आधी कारभारात दिसते. तिथे एकच गोष्ट शोधा: चुका कोणाला सापडल्या? गोळी चुकली, भेट हुकली, हे मॅनेजरने स्वतःच्या तपासणीत पकडून त्यावर काही केलं असेल तर एजन्सी जागी आहे. इन्स्पेक्टरने दाखवल्यावरच तिला कळलं असेल तर बाकीची पानं कितीही गोड असोत, मी सावध होते.

आता सासूबाईंचं घर. दोन आठवडे केअरर प्रत्यक्ष किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे दिरांकडून किंवा शेजाऱ्यांकडून टिपून घ्या. मग एजन्सीकडून त्याच दिवसांची लॉगिनची नोंद मागा. आजकाल केअरर फोनवरच्या अॅपमध्ये आल्या-गेल्याची नोंद करतात, आणि पुष्कळ एजन्सी कुटुंबालाही ती पाहू देतात. सासूबाईंच्या संमतीने त्यांच्या नावे स्वतःच्या नोंदी लेखी मागितल्या तर सहसा महिन्याच्या आत त्या फुकट द्याव्या लागतात. अर्ध्या तासाची भेट बारा मिनिटांत उरकते का, एकच केअरर एकाच वेळी दोन घरांत हजर दिसते का, दोन भेटींमध्ये प्रवासाला वेळच ठेवलेला नाही का, ते पाहा. प्रवासाचा वेळ रोटामध्ये, म्हणजे केअररच्या वेळापत्रकात, नसेल तर तो कोणाच्या तरी भेटीतून कापला जातोच, आणि त्याचा दोष त्या केअररचा नसतो. नाइस ही आरोग्य आणि देखभालीची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था आहे; तिच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अर्ध्या तासाहून छोटी भेट फक्त काही अटींवरच ठेवायची असते: केअरर ओळखीची हवी, काम ठरावीक आणि त्या वेळात होण्यासारखं हवं, आणि ती भेट मोठ्या मदतीचा एक भाग हवी. सोशल वर्करशी बोलताना याचा नावानिशी उल्लेख करा.

पार्किन्सन्समध्ये वेळेला फार किंमत आहे, म्हणून इथे जरा थांबते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची गोळी ठरल्या वेळीच पोटात गेली पाहिजे, उशीर झाला तर शरीर अक्षरशः अडकतं. सकाळी ताठरलेल्या सापडतात, हे वाचल्याबरोबर माझ्या मनात हेच आलं. केअर प्लॅनमध्ये 'सकाळची भेट सात ते साडेनऊ' असं मोघम लिहिलंय का बघा. गोळी आठची असेल तर भेटही वेळेच्या बंधनाची म्हणून नोंदवून घेता येते, आणि तशी नोंद झाली की रोटा लावणाऱ्याला ती इकडेतिकडे सरकवता येत नाही. बहुधा ही गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी देतात, कारण डाळ, दही, पनीर सोबतच गेलं की ती नीट लागू पडत नाही. पार्किन्सन्स नर्सकडून हे चार ओळींत लिहून घ्या आणि फाइलला लावा. औषधांच्या तक्त्यावर रोज बरोबर आठ वाजताची सही आणि लॉगिन मात्र सव्वानऊचं, असं निघालं तर तो खोटा तक्ता आहे. हे थेट सेफगार्डिंगकडे, म्हणजे कौन्सिलच्या संरक्षण पाहणाऱ्या टीमकडे, न्यायचं प्रकरण आहे, त्यात भीड ठेवू नका. हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) वापरत असतील आणि प्लॅनमध्ये दोन केअरर लिहिल्या असतील, तर दोघींच्या वेळा एकमेकींवर बसतात का तेही तपासा. दुसरी वीस मिनिटं उशिरा आली, तर पहिलीने एकटीनेच उचललं असण्याची शक्यता असते.

महिन्याभरात किती वेगवेगळे चेहरे घरात आले, तेही मोजा. सासूबाईंना मराठीच येते म्हणालात. त्यांच्या प्लॅनमध्ये 'भाषा: इंडियन' किंवा 'आहार: एशियन व्हेजिटेरियन' असं काही असेल तर त्या कागदाच्या आधारे कोणी त्यांना नीट जेवू घालू शकणार नाही. मऊ वरणभात चालतो, कोरडी पोळी घशात अडकते, एकादशीला काय खातात, दुखतंय हे कोणत्या शब्दात सांगतात, सगळं तुम्ही स्वतः लिहून द्या. पार्किन्सन्समध्ये गिळण्याचा त्रास होतो, म्हणून ही आवडीनिवडीची यादी मानू नका. दुपारी उपाशी राहण्याचं मूळ इथेही असू शकतं. व्हिसावर आलेल्या केअररवरही लक्ष असू द्या. त्यांची नोकरी आणि इथलं राहणं एकाच मालकाच्या हातात असतं, त्यामुळे रोटा अशक्य आहे हे माहीत असूनही त्या बोलत नाहीत. तक्रार लिहाल तेव्हा ती रोटाबद्दल लिहा, त्या मुलीबद्दल नको.

तक्रार आधी एजन्सीकडे लेखी करा. सेवा कौन्सिलने लावलेली असल्याने कौन्सिलही जबाबदार आहे, तेव्हा सोशल वर्करबरोबर काँट्रॅक्ट पाहणाऱ्या टीमलाही तारखा-वेळांसह पाठवा. आमच्या टेबलावर 'सेवा वाईट आहे' अशी पत्रं रोज यायची. '१४ तारखेला भेट हुकली, फोन नाही, गोळी दिली गेली नाही' असं लिहिलेल्या पत्रावर त्याच दिवशी फोन फिरायचे. उत्तर समाधानकारक नसेल तर ओम्बुड्समन, म्हणजे अशा तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी, आहे. सीक्यूसी एकेका कुटुंबाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, पण कुठे तपासणी आधी करायची हे ठरवताना अशी माहिती वापरते, म्हणून त्यांनाही कळवा.

दिरांच्या बाबतीत कसोटी वेगळी आहे. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर एकाचं आणि मदत दुसऱ्याची, असं असायला हवं. दीर भाडेकरू असतात, त्यांच्या नावाचा भाडेकरार असतो. सीक्यूसी फक्त मदत देणाऱ्या संस्थेला तपासते, इमारत आणि घरमालक तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये छप्पर गळतंय का, खोली किती लहान आहे, हे शोधत बसू नका, ते तुम्हीच बघायचं. भाडेकरार त्यांना कळेल अशा भाषेत आणि चित्रांत समजावलाय का? मदत देणारी संस्था बदलायची ठरवली तर घर सोडावं लागेल का? याचं उत्तर 'हो' असेल तर नाव काहीही असो, ते छोटं केअर होमच आहे.

तिथे जाल तेव्हा चकचकीत हॉल राहू दे, किल्ली कोणाकडे असते ते पाहा. कर्मचारी दार वाजवून आत येतात का? फ्रीजवर कोणाचा रोटा लावलाय, राहणाऱ्यांचा की कर्मचाऱ्यांचा? रात्री दहाला टीव्ही बघायचा असेल तर कोणाला विचारावं लागतं? दुसरा भाडेकरू कोण हे दिरांना आधी भेटून ठरवता येईल का? दाराला कुलूप, सतत पाळत, बाहेर जायला बंदी असं काही असेल आणि त्याला संमती देण्याची समज दिरांकडे नसेल, तर सपोर्टेड लिव्हिंगमध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची, म्हणजे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठीच्या न्यायालयाची, परवानगी लागते. तो आदेश कुठे आहे, असं सरळ विचारा. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातला छळ बीबीसीच्या कॅमेऱ्याने उघड केला. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या माणसांना मोठ्या, बंदिस्त जागांतून स्वतःच्या घरात आणायचा जोर त्यानंतर वाढला. सीक्यूसीची 'राइट सपोर्ट, राइट केअर, राइट कल्चर' ही मार्गदर्शक तत्त्वं यासाठीच आहेत, आणि दिरांना मदत देणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमध्ये त्यांबद्दल काय लिहिलंय ते जरूर वाचा.

प्रस्तावावर सही करण्याआधी त्यांच्या मदतीच्या तासांची फोड लेखी मागा: किती तास फक्त त्यांचे, किती सगळ्या भाडेकरूंमध्ये वाटलेले, रात्री कोणी जागं असतं की झोपलेलं. तेवढी फोड हातात येईपर्यंत होकार देऊ नका. आणि दिरांना तिथे दोन-तीनदा संध्याकाळी जेवायला जाऊ द्या, तुम्ही सोबत न जाता.