‘कमी करणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : वरच्या पातळीची तीनशे इंग्रजी क्रियापदं अर्थासकट पाठ केली. वाचताना कळतात, पण लिहायला बसलं की सुचत नाहीत आणि वापरली तर चुकतात. काय करू?

उत्तर : तुमच्या यादीत ‘अलीव्हिएट’, ‘मिटिगेट’ आणि ‘कर्ब’ या तिन्हींपुढे बहुधा ‘कमी करणे’ असंच लिहिलेलं असेल. घोळ तिथेच होतो. अलीव्हिएट होतं ते सोसावं लागणारं काहीतरी : वेदना, हाल, गरिबी. मिटिगेट होतो तो धोका किंवा वाईट परिणाम. संकट टळलं नाही तरी त्याची झळ कमी बसते. आणि कर्ब म्हणजे मुळात घोड्याला आवरण्यासाठी त्याच्या जबड्याखालून घेतलेला पट्टा. म्हणून हे क्रियापद उधळू पाहणाऱ्या गोष्टींनाच शोभतं : खर्च, महागाई, राग. आपणही ‘खर्चाला लगाम घातला’ म्हणतो, ‘डोकेदुखीला लगाम घातला’ म्हणत नाही.

तेव्हा वहीत क्रियापदापुढे नुसता अर्थ लिहू नका, त्याच्यासोबत येणारी दोन-तीन कर्मं लिहा. ‘कर्ब स्पेंडिंग’ हा जोडच पाठ करा. मग त्या जोडावर स्वतःबद्दल एक खरं वाक्य रचा. आठवड्याला दहा क्रियापदं पुष्कळ झाली. तीनशेची यादी मला तरी कधी कुणाच्या कामी आलेली दिसली नाही.

प्रश्न : मी ‘ही सजेस्टेड मी टू गो’ लिहिलं, ते चूक ठरलं. ‘ही अॅडव्हाइज्ड मी टू गो’ मात्र बरोबर! अर्थ तर जवळचाच आहे.

उत्तर : अर्थ जवळचा असला म्हणून रचना सारखी असेलच असं नाही. प्रत्येक क्रियापद आपली रचना घेऊन येतं. ‘त्याने मला जायला सुचवलं’ हे मराठीत सरळ आहे, म्हणून हात तिकडे वळतो. इंग्रजीत ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ म्हणा. तिच्याबद्दल असेल तर ‘दॅट शी गो’. इथे ‘गोज’ नको, क्रियापद मूळ रूपात राहतं. ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ यांनाही हे लागू पडतं. ‘ही सजेस्टेड गोइंग’सुद्धा बरोबर, फक्त त्यात कोण जाणार ते मोघम राहतं.

‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एक्सप्लेन मी’ या चुकाही मराठीच्याच ओढीने होतात. ‘डिस्कस द प्लॅन’ आणि ‘एक्सप्लेन इट टू मी’ म्हणा. शब्दकोशात अर्थ पाहून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. रचना तिथेच दिसते.

प्रश्न : ‘पुट ऑफ’ लिहावं की ‘पोस्टपोन’? प्रगत इंग्रजी कोणतं?

उत्तर : दोन्ही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. पुढे फ्रेंच-लॅटिन शब्दांचा थर देशी शब्दांवर चढला. ‘बिगिन’ घरातला, ‘कमेन्स’ त्या वरच्या थरातला. म्हणून सूचनाफलकावर ‘पोस्टपोन्ड’ शोभतं, मित्राशी बोलताना ‘पुट ऑफ’. जेवताना कुणी ‘भोजनास प्रारंभ करू या’ म्हटलं तर कसं वाटेल? लांब शब्द म्हणजे प्रगत, हा समज मनातून काढाच.

‘पुट अप विथ’ (सहन करणे) यासारख्या क्रियापदांची फोड करत बसू नका. ‘तुला बघून घेईन’ या धमकीत कुठे बघणं आहे आणि कुठे घेणं? ‘पुट ऑफ’मध्ये सर्वनामाची जागा मात्र सांभाळा : ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ नव्हे.

प्रश्न : ‘राइज’ आणि ‘रेझ’ यांत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : पडणं-पाडणं आठवा. किंमती आपण होऊन चढल्या तर ‘रोझ’, कुणी चढवल्या तर ‘रेझ्ड’. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं आणि ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं, हीसुद्धा तशीच जोडी. फक्त ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च होतो, त्यामुळे ‘आय ले डाउन येस्टरडे’ बिनदिक्कत लिहा.