‘तज्ज्ञांची साक्ष’ की ‘तज्ज्ञांचा अभिप्राय’?

प्रश्न असा आहे : ‘दोन मोबाइल कंपन्यांमधील आंतरजोडणीच्या तंट्यात ट्रायने तज्ज्ञांची साक्ष नोंदवून निवाडा दिला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘साक्ष’ऐवजी ‘पुरावा’ चालेल का? (ट्राय म्हणजे दूरसंचार क्षेत्राचे नियामक प्राधिकरण; आंतरजोडणी म्हणजे एका कंपनीचे कॉल दुसरीकडे जावेत म्हणून दोघींची जाळी एकमेकांना जोडणे.)

व्याकरणात खोट नाही, पण ‘निवाडा’ इथे खटकतो. १९९७च्या कायद्याने दूरसंचार तंटे सोडवण्याचे कामही ट्रायकडे दिले होते. २०००च्या दुरुस्तीने ते काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले. तेव्हापासून आंतरजोडणीच्या अटी ठरवणे, विनियम करणे आणि निर्देश देणे ही कामे ट्रायची, तर कंपन्यांमधील तंट्याचा निवाडा टीडीसॅटचा. ट्रायच्या निर्देशाविरुद्धचे अपीलही तिथेच चालते, आणि त्यात ट्राय स्वतःच उत्तरवादी असते (बातम्यांत सर्रास येणारा ‘प्रतिवादी’ हा शब्द दाव्यातला आहे, अपिलातला नव्हे).

‘साक्ष’ आणि ‘अभिप्राय’ यांतला फरक मात्र नेमका कळायला हवा. समजा, एका कंपनीचे कॉल दुसरीच्या जाळ्यात शिरताना जोडणीबिंदूवर अडतात, अशी तक्रार आहे. ट्रायच्या मानकानुसार तिथे अडणाऱ्या कॉलचे प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा, म्हणजे हजारी पाचापेक्षा, जास्त असता कामा नये. गर्दीच्या तासातील मोजणी ज्या अभियंत्याने स्वतः केली, त्याने किती कॉल अडले हे सांगणे ही साक्ष. तेच आकडे अभ्यासून बाहेरचा अभियंता ‘उपकरणात बिघाड नव्हता, पोर्टच (कॉल पलीकडे नेणाऱ्या जोडण्या) अपुरे दिले होते’ असे म्हणतो, तो अभिप्राय. पुरावा कायद्याच्या कलम ४५मध्ये आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९मध्येही तज्ज्ञाचे मतच ग्राह्य धरले आहे. अर्थात तोच तज्ज्ञ न्यायाधिकरणापुढे उलटतपासणीला उभा राहिला, तर ‘तज्ज्ञाची साक्ष झाली’ असे म्हणण्यात काहीच गैर नाही.

‘पुरावा’ या सर्वांना पोटात घेतो. करारनामा, मोजणीच्या नोंदी, शपथपत्र, सगळेच त्यात येते. त्यामुळे तो चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. ट्रायच्या सल्लामसलतीत कंपन्या किंवा अभियंते जे लेखी मांडतात त्याला मात्र ‘साक्ष’ही म्हणू नये आणि ‘पुरावा’ही, ते ‘म्हणणे’ किंवा ‘अभिप्राय’.

तेव्हा वाक्य असे करावे : ‘आंतरजोडणीच्या तंट्यात ट्रायचे विनियम आणि तज्ज्ञांचा अभिप्राय विचारात घेऊन टीडीसॅटने निवाडा दिला.’ काम ट्रायनेच केले असेल, तर ‘निवाडा’ काढून ‘निर्देश’ घालावा.